सणाचीं भांडणें आणि आठवणींचें वाङ्मय

सणांच्या आठवणी लिहिण्याची आपल्याकडे एक ठराविक रीत पडून गेली आहे. पहाटेचा गारवा, उटण्याचा वास, आईच्या हातची करंजी, आणि शेवटीं ‘ते दिवस गेले’ म्हणून सोडलेला एक उसासा. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मासिक मनोरंजना’चा दिवाळी अंक मुंबईंत काढून सण व छापील मजकूर यांची जी सोयरीक जमविली ती आजतागायत टिकली आहे, ही आनंदाची गोष्ट होय, परंतु त्या सोयरिकीबरोबर अशा आठवणींचें पीकहि दरसाल येऊं लागलें. या लेखनांत दिवे असतात, फराळ असतो, रांगोळी असते. घर मात्र नसतें. ज्यानें सणाच्या आदल्या रात्रीं गिरगांवांतल्या चाळीची एखादी खोली पाहिली आहे, त्याला चकली तेलांत विरघळली म्हणून चुलीपुढें डोळे पुसणारी सून ठाऊक असते, उसनवारी फिटली नाहीं म्हणून मुका झालेला बाप ठाऊक असतो, आणि न बोलावतां आलेला काका व बोलावूनहि न आलेला भाऊ हे दोघेहि ठाऊक असतात. मग लिहावयास बसतांच हीं सारीं माणसें कोठें जातात, हा प्रश्न टीकाकारानें विचारण्यासारखा आहे.

नाताळाची स्थिति याहून निराळी नाहीं. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात न उतरतात तोंच खोताच्या वाडींत कागदी तारे चढतात; करंजीची बहीण नेवरी परातींत येऊन पडते; आणि कुलकुल वळण्यासाठीं सगळें घर एका मेजाभोंवतीं बसतें. दादरला पोर्तुगीज चर्चच्या आसपासहि हाच थाट. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून तिचा शिंपला वळीत चार बायका दोन-दोन तास एकत्र बसावयाच्या, आणि वर्षभराचीं उणींदुणीं निघावयाचीं नाहींत, हें कसें संभवावें? पण नाताळावरील लेख बहुधा तारे व केक एवढ्यावरच थांबतात. त्यांतून खोताच्या वाडींतील निम्म्याहून अधिक जुनीं घरें आतां नाहींशीं झालीं असल्यामुळें जो तो आठवणींवर साखर जरा जास्तच पेरतो. मेलेल्या माणसाविषयीं वाईट बोलूं नये, तसें पाडलेल्या घराविषयींहि बोलूं नये, असा आपला शिष्टाचार दिसतो.

युरोपांतील धीट लेखकांनीं ही अडचण केव्हांच ओलांडली. डिकन्सनें १८४३ सालीं नाताळाला दिलेलें गोड रूप जगभर पसरलें हें खरें. पण जेम्स जॉइसच्या १९१६ सालच्या कादंबरींत नाताळाच्या दिवशीं प्रथमच मोठ्यांच्या पंक्तीला बसलेला मुलगा पाहतो काय, तर पार्नेल आणि धर्मगुरु यांवरून जुंपलेलें भांडण. पक्वान्न निवत राहतें, एक बाई तणतणत उठून जाते, आणि मुलाचा बाप रडतो. वाचक प्रथम हंसतो; त्या मुलाची भेदरलेली मुद्रा ध्यानांत आली म्हणजे त्याला आपल्या हंसण्याची लाज वाटते. आपल्या शेजारच्या कोंकणी तियात्रानेंहि, १८९२ सालीं मुंबईंत जन्म घेतल्यापासून, घरचीं भांडणें गाण्याबजावण्यासह उघड्या रंगभूमीवर मांडलीं आहेत. तीं पाहावयास धोबी तलावाच्या कुडांतून राहणारा, घरापासून तुटलेला गोंवेकर खलाशी व आचारी येई. मराठी गद्यांत या तोडीचें कांहीं आहे काय? आहे, आणि तें शाळेचें तोंड न पाहिलेल्या एका बाईनें लिहिलें आहे.

लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागानें प्रसिद्ध झालीं. त्यांकडे धर्मांतराची कथा म्हणून पाहणारे पुष्कळ, आणि विनोदी पुस्तक म्हणून पाहणारेहि पुष्कळ. आम्ही त्यांकडे एका बिघडलेल्या घराची बखर म्हणून पाहतों. वडिलांचें सोंवळें वेडाच्या थरास गेलेलें. नवरा कवि, उदार, तापट, आणि न सांगतां घर सोडून जाणारा. १८९५ च्या फेब्रुवारींत नारायण वामन टिळकांनीं मुंबईंत बाप्तिस्मा घेतला, आणि एका संसाराचे दोन धर्म झाले. कांहीं वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नगरास नवऱ्याजवळ आल्या त्या आपलें सोंवळें बरोबर घेऊनच: चूल निराळी, पाणी निराळें. पुढें १९०० सालीं त्यांनीं स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या मधल्या दिवसांची वाचकांनीं कल्पना करावी. एकाच छपराखालीं एकाचा नाताळ आणि दुसरीची संक्रांत. एकाच्या सणाला दुसऱ्यानें हात लावावा तर विटाळ, न लावावा तर अबोला.

बाबा पदमनजींचें ‘अरुणोदय’ हेंहि धर्मांतराचेंच आत्मवृत्त. घराची हकीकत तेथेंहि आहे, पण ती युक्तिवादाच्या मागें अदबीनें उभी आहे. मनुष्य नव्या धर्मास कोणत्या वाटेनें पोंचला हें समजावें, एवढ्यासाठीं ती येते. लक्ष्मीबाईंनीं हा क्रम उलटविला. त्यांच्या पुस्तकांत धर्म येतो तो स्वयंपाकघरांतून, हंड्यांतल्या पाण्यांतून, कोणाच्या हातचें खावें या रोजच्या कटकटींतून. त्यांचें वाक्य लहान असतें, बोलण्याच्या ओघांत आलेलें असतें, आणि रागाचें वाक्य व हंसण्याचें वाक्य हीं त्यांच्या घरीं दोन नसतात. नवऱ्याच्या तिरसटपणाची तक्रार करतां करतां त्या स्वतःच्या फजितीची गंमत सांगूं लागतात, आणि कोणाच्या बाजूस उभें राहावें याच्या पेंचांत वाचक सांपडतो. हें कौशल्य शिकवून येणारें नव्हे.

तथापि येथें एक आक्षेप नोंदविला पाहिजे. टिळक १९१९ सालीं मुंबईंत वारले. स्मृतिचित्रें त्यानंतर पुष्कळ वर्षांनीं लिहिलीं गेलीं. मृत्यूनें रागाची धार बोथट केली असावी, अशी शंका कित्येक ठिकाणीं येते. जेथें नवऱ्यास जाब विचारावयास हवा होता तेथें लक्ष्मीबाई स्वतःवर विनोद करून त्याला सोडून देतात. बायकोनें स्वतःस हंसवून घेऊन घरांत शांतता विकत आणावी, ही रीत आपल्या घराघरांत आहेच. ती या थोर पुस्तकांतहि आहे. त्यांतले विनोदी उतारे तेवढे निवडून वाचणाऱ्यांस ही किंमत दिसत नाहीं.

ती दिसावी म्हणून चिं. वि. जोश्यांचे चिमणराव शेजारीं ठेवून पाहावे. ‘चिमणरावांचें चऱ्हाट’ १९३३ चें, म्हणजे जवळजवळ त्याच काळचें. चिमणरावांच्याहि घरांत समारंभ हटकून फिसकटतो, आणि त्या फजितींत स्वतः चिमणराव सर्वांत पुढें असतात. पण सांगणारा नवरा आहे. काऊ रुसते, तिचें रुसणें मजेदार असतें, आणि गोष्ट संपते. रुसण्यापूर्वीं काऊ किती वाजतां उठली होती हें चिमणरावांस ठाऊक नाहीं, म्हणून आपणांसहि ठाऊक होत नाहीं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याच्या चाळी’चा (१९५८) पल्ला याहून मोठा आहे. गिरगांवची चाळ तिच्या उत्सवांसह, ठरावांसह व रुसव्याफुगव्यांसह त्यांनीं अमर केली; आणि अखेरच्या चिंतनांत, जी माणसें आपण हंसत हंसत पाहिलीं तीं आतां पुन्हां भेटावयाचीं नाहींत, हा चटका ते देतात. आमची तक्रार एवढीच कीं, तेथें हंसूं आधीं आणि कढ शेवटीं असे दोन कप्पे पडले आहेत. शिवाय ही भांडणें गॅलरींतलीं आहेत. खोलीचें दार लोटल्यावर आंत काय होई, तें त्या प्रसन्न लेखकानें सभ्यपणें ऐकलें नाहीं.

दार उघडून आंत जाण्याचें काम पुढें जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकानें केलें. तेथें गिरणगांवांतील एक घर संपानंतर डोळ्यांदेखत फुटतें. १९८१ च्या दिवाळीच्या सुमारास बोनसचा तंटा पेटला, आणि १८ जानेवारी १९८२ पासून सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. सणाच्या भांडणाचें मूळ पुष्कळदां स्वभावांत नसून पगाराच्या पाकिटांत असतें, हें आमच्या आठवणीकारांनीं या घटनेवरून तरी ओळखावयास हवें होतें. लालबाग-परळच्या ज्या खोलींत त्या सालीं पाकीट आलें नाहीं, तेथली दिवाळी कशी पार पडली, कोण कोणावर ओरडलें, आणि त्यांतहि पोरें कशास हंसलीं, हें तेथल्याच एखाद्या सुनेच्या लेखणींतून वाचावयास आम्ही उत्सुक आहों. तिनें पहाटेच्या गारव्यापासून आरंभ करूं नये. तळणाचें तेल कोठून आणलें, तेथपासून करावा.