ज्वाला, समिधा आणि कुदळीचा दांडा

बाबा आमटे यांचा ‘ज्वाला आणि फुले’ हा काव्यसंग्रह १९६४ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ओजस्वी वाणीची वाखाणणी पुष्कळ झाली असून ती यथार्थच आहे. परंतु हे काव्य केवळ वाणीचा विलास म्हणून वाचणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. त्यामागे चंद्रपूर जिल्ह्यातील वरोड्याजवळचे आनंदवन उभे आहे. तेथे १९५१ साली आमटे दांपत्याने मोजक्या कुष्ठरोग्यांसह खडकाळ जमिनीवर संसार मांडला, विहीर खणली, शेती पिकविली. भिक्षेपेक्षा श्रम श्रेष्ठ, हा या कवीचा सिद्धांत आधी शेतात उतरला आणि मग कागदावर.

तथापि या काव्याची एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. ज्वालेच्या प्रकाशात श्रमिक हा प्रतीक होतो आणि त्याचा प्रत्यक्ष हात दृष्टीआड होतो. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हातास आपली पकड किती घट्ट आहे हे कळत नाही. म्हणून तो कुदळ गरजेहून अधिक आवळतो, आणि फोड येऊन व्रण चिघळला तरी वेदना होत नाही. यावरचे उपाय साधे आहेत: दांडा जाड व गुळगुळीत करावा, त्यास मऊ वेष्टन घालावे, पायांत मऊ रबराच्या चपला असाव्यात, हातपाय रोज डोळ्यांनी तपासावेत. श्रमाने माणूस उभा राहतो हे खरे. पण एवढी सोय नसेल तर तोच श्रम त्याची बोटे घेऊन जातो.

साधनाताई आमटे यांचे ‘समिधा’ हे आत्मकथन या काव्याशेजारी ठेवून वाचावे, असे आम्ही सुचवितो ते यासाठीच. तेथे स्वर खालचा आहे आणि रोजचा प्रपंच पुढे येतो.

आता प्रश्न वाचकांचा. आनंदवनात माग, सुतारकाम, शेती यांतून कुष्ठमुक्त, अंध व अपंग माणसे कमावती झाली. परंतु त्यासाठी गावाबाहेर निराळी वसाहत वसवावी लागली, हे समाजास भूषणावह नाही. बहुविध औषधोपचाराने हा रोग आज पूर्ण बरा होतो व संसर्गाचे भय उरत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कुष्ठमुक्तांसही दिव्यांगांत गणले आणि सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखल्या. खाजगी पेढी वा दुकान मात्र आपल्यासारख्यांच्याच हाती असते. आनंदवनच्या मागावरचे कापड आपण कौतुकाने घरी आणतो. ते विणणाऱ्यास आपल्या पेढीवर शेजारची खुर्ची देण्याची आपली तयारी आहे काय? ज्यांच्या कपाटात हा संग्रह आहे, त्यांनी याचे उत्तर देणे हेच त्याचे खरे रसग्रहण ठरेल.