'आतड्याचा' आणि 'आतड्यातील' : कर्करोगनिदानाच्या परिभाषेची चिकित्सा

अन्य अवयवांतून येऊन लहान आतड्यात रुजलेल्या कर्करोगास व्यवहारात 'आतड्याचा कर्करोग' असे म्हटले जाते. व्याकरणदृष्ट्या हा षष्ठीचा प्रयोग निर्दोष आहे; अर्थदृष्ट्या मात्र तो संदिग्ध होय. षष्ठी उगम सांगते, तसेच स्थानही सांगते. आणि वैद्यकास या दोहोंतील भेद टाळता येत नाही. स्तनातून आतड्यात गेलेला कर्करोग हा स्तनाचाच कर्करोग राहतो व औषधयोजनाही त्या उगमास अनुसरून करावी लागते.

हा उगम ठरविणे सोपे नाही. उदराबाहेरून येथे येणाऱ्या कर्करोगांत त्वचेचा मेलॅनोमा, फुप्फुसाचा व स्तनाचा हे प्रमुख होत. बीजांडकोश, जठर व मोठे आतडे यांचे कर्करोग बहुधा उदरावरणामार्गे पसरतात. पोटातील कळा, उलट्या, पांडुरोग, शौचावाटे रक्त ही लक्षणे इतर विकारांतही आढळतात. आपल्याकडे आतड्याच्या क्षयाचाही विचार करावा लागतो. तोंडावाटे घातलेली नेहमीची दुर्बीण ग्रहणीपर्यंत, तर गुदमार्गाने घातलेली शेषांत्राच्या टोकापर्यंतच पोहोचते. मधल्या दीर्घ भागासाठी सी. टी. चित्रण, कॅप्सूल दुर्बीण किंवा जपानी वैद्य यामामोतो यांनी २००१ मध्ये मांडलेली दोन फुग्यांची दुर्बीण यांचा आधार घ्यावा लागतो. आतडे अरुंद झाले असल्यास कॅप्सूल अडकण्याचा धोका असतो. निर्णय अखेर ऊतीच्या तुकड्यावरून होतो : टीटीएफ-१ हे प्रथिन फुप्फुसाकडे, एसओएक्स-१० मेलॅनोमाकडे अंगुलिनिर्देश करते, तथापि एकच खूण पुरेशी नसते, रुग्णाचा पूर्वेतिहासही जोडून पाहावा लागतो.

अशा रोगास 'दुय्यम कर्करोग' म्हणण्याची प्रथाही तपासून पाहण्याजोगी आहे. इंग्रजी शब्दात क्रम अभिप्रेत आहे. मराठी 'दुय्यम' शब्दातून प्रतवारी सूचित होते. वस्तुतः पसरलेला रोग हा पुढच्या अवस्थेचा असतो. ऐकणाऱ्यास मात्र तो कमी महत्त्वाचा वाटण्याचा संभव आहे. सुश्रुतसंहितेतील 'अध्यर्बुद' व 'द्विरर्बुद' या संज्ञा पर्याय म्हणून सुचविल्या जातात. परंतु पहिली पूर्वीच्या अर्बुदावर उद्भवणारे दुसरे अर्बुद दर्शविते. दुसरी एकाच वेळी वा क्रमाने होणारी जोडी. एका अवयवातून दुसऱ्यात झालेला प्रवास या दोहोंपैकी एकीतही व्यक्त होत नाही.

हा वाद केवळ कोशकारांचा नव्हे. मुलुंडहून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात (स्थापना १९४१) जाणाऱ्या मराठी कुटुंबास इंग्रजी अहवालाचा अर्थ घरच्या वडीलधाऱ्यांना मराठीत सांगावा लागतो. 'आतड्याचा कर्करोग' एवढेच सांगितले, तर फुप्फुसासाठी दिलेले औषध त्यांस अनाकलनीय वाटेल. म्हणून 'फुप्फुसाचा, आतड्यात पसरलेला कर्करोग' अशी रचना श्रेयस्कर होय. तीत षष्ठी उगमापुरती व सप्तमी स्थानापुरती राखली जाते. नाव थोडे लांबते खरे. पण वैद्याने परिश्रमपूर्वक शोधलेला भेद त्यात सुरक्षित राहतो.