शोधाआधीची गोष्ट

मराठी वाचकाच्या चांगल्या परिचयाचा एक गद्यप्रकार असा आहे, की ज्याला कोणत्याही वाङ्मयेतिहासात स्थान मिळालेले नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, टपालाच्या तिकिटाएवढ्या छायाचित्राखाली तो छापला जातो. नाव, वय, उंची, वर्ण, अंगावरचे कपडे, पायांत चप्पल होती की नव्हती, कोणती भाषा बोलतो. आणि अखेरीस घरच्यांची विनवणी, की असशील तेथून निघून ये, कोणी रागावणार नाही, आईने अन्न सोडले आहे. मुंबई दूरदर्शनवरून ‘आपण यांना पाहिलंत का?’ या शीर्षकाखाली असाच मजकूर ऐकविला जात असे, आणि जेवणाच्या ताटावर बसलेली माणसे क्षणभर घास थांबवून पडद्याकडे पाहत असत.

या मजकुराचे एक वैशिष्ट्य विचार करण्याजोगे आहे. त्यात गोष्ट नसते. मूल का गेले, कोणामुळे गेले, घरात काय घडले होते, याविषयी तो अवाक्षर काढीत नाही. तो फक्त वर्णन करतो आणि विचारतो. परंतु हे संयमाचे गद्य छापून येण्याआधीच मुलाभोवती एक गोष्ट रचली गेलेली असते. शेजारी म्हणतात, बाप मारीत असेल. पोलीस ठाण्यात म्हणतात, पळून गेला असेल, येईल दोन दिवसांनी. मुलगी असेल तर कोणाबरोबर तरी गेली असे ठरते, आणि तिचे वय बारा असले तरी ठरते. ही गोष्ट कोणा लेखकाने लिहिलेली नसते. समाजाजवळ ती तयारच असते. तिचा उपयोग एवढाच, की ती एकदा सांगितली म्हणजे शोधायला उठण्याची निकड राहत नाही. हरवलेल्या मुलांविषयीच्या ज्या कलाकृती अलीकडच्या काळात निर्माण झाल्या, त्यांची पारख याच कसोटीवर करावी असे आम्हांस वाटते. त्या ही तयार गोष्ट मोडतात, की तिच्या जागी दुसरी, अधिक देखणी गोष्ट आणून ठेवतात?

ही कसोटी आम्ही एका फार जुन्या कथनावरून घेतली आहे. संत लूकने सांगितलेला बारा वर्षांच्या येशूचा प्रसंग आपणा सर्वांना ठाऊक आहे. वल्हांडण सण आटोपून नासरेथची मंडळी यरुशलेमहून परत निघतात, मुलगा मागेच राहतो, आणि आईबापांच्या ध्यानात येत नाही. का येत नाही, याचे लूकने दिलेले कारण मार्मिक आहे. तो सोबतच्या मंडळींत असेल असे ते गृहीत धरतात. पूर्ण एका दिवसाची वाट या एका समजुतीवर चालली जाते. येथे समाजाचे बळ आणि त्याचा दुबळेपणा एकाच वेळी दिसतो. जत्थ्यातील मूल सर्वांचे असते, म्हणूनच आईबाप निश्चिंत असतात; आणि सर्वांचे असते, म्हणूनच ते मागे राहिल्याचे कोणाच्याही लक्षात येत नाही. पुढे ते नातलगांत शोधतात, ओळखीच्यांत शोधतात, आल्या वाटेने परत फिरतात, आणि तिसऱ्या दिवशी मंदिरात तो सापडतो.

प्रवचनकार बहुधा लगबगीने मंदिरापाशी पोहोचतात. परंपरेने मात्र तशी घाई केलेली नाही. जपमाळेच्या आनंदाच्या रहस्यांत हा प्रसंग पाचवा आहे, आणि मरियेच्या सात दुःखांत तोच प्रसंग तिसरा आहे. मूल सापडले म्हणून ते तीन दिवस पुसले गेले नाहीत. आनंदाच्या शेजारी त्यांची वेगळी नोंद ठेवली गेली. शिवाय मुलाने दिलेले उत्तर आईबापांना उमगले नाही, हेही लूक लपवीत नाही. हरवलेल्या मुलाची कथा प्रामाणिकपणे कशी सांगावी, याचा एवढा नेमका वस्तुपाठ आम्हांस अन्यत्र आढळलेला नाही.

आता वर्तमानाकडे वळू. डिसेंबर २००६ मध्ये दिल्लीलगतच्या नोएडातील निठारी येथे एका बंगल्यामागील नाल्यात मुलांच्या हाडांचे अवशेष सापडले. त्याआधी दीर्घ काळ त्या वस्तीतील मुले एकामागून एक नाहीशी होत होती आणि आईबाप पोलीस चौकीच्या पायऱ्या झिजवीत होते. घरकाम करणारी, रिक्षा ओढणारी, मजुरी करणारी, पोटासाठी परमुलखातून आलेली ही माणसे. त्यांना तीच तयार गोष्ट ऐकविण्यात आली, की मुले पळून गेली असतील. पुढे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या. परंतु २०२३ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरविले आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे त्या आईबापांजवळ आज मूल नाही आणि उत्तरही नाही. ज्या दिवसांत पुरावा मिळू शकला असता, त्या दिवसांत त्यांना गोष्ट सांगितली जात होती.

१० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की बेपत्ता मुलाची प्रत्येक तक्रार प्रथम खबर म्हणून नोंदविली जावी, आणि अन्यथा सिद्ध होईपर्यंत मुलाचे अपहरण झाले आहे किंवा त्याचा व्यापार झाला आहे असेच गृहीत धरावे. कायद्याच्या भाषेत हे गृहीतक होय. साहित्याच्या भाषेत सांगायचे तर न्यायालयाने पोलीस ठाण्याला पहिली गोष्ट बदलण्याचा हुकूम दिला. गोष्टी निरुपद्रवी नसतात, याचा याहून मोठा दाखला कोणता?

त्याच २०१३ सालचा रिची मेहता यांचा ‘सिद्धार्थ’ हा हिंदी चित्रपट या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. महेंद्र हा दिल्लीच्या गल्ल्यांतून हिंडत पिशव्यांच्या आणि कपड्यांच्या चेन दुरुस्त करणारा माणूस. बारा वर्षांच्या मुलाला त्याने लुधियानातील कारखान्यात कामाला धाडले आहे. दिवाळीला मुलगा घरी येत नाही. महेंद्र पोलिसांकडे जातो तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला फोटो नसतो, वयही नेमके सांगता येत नाही, आणि मुलाला कामाला लावणे हा गुन्हा आहे हे त्याला तेथेच ऐकावे लागते. ते म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पण त्या बरोबर वाक्याने शोध सुरू होण्याऐवजी आटोपतो. कारखानदारही सांगतो की पोरगा पळून गेला. ‘तुम्हीच पाठवलेत ना?’ हा प्रश्न गरिबाच्या तोंडावर फेकला की त्याचा मूल मागण्याचा हक्कच जणू संपतो.

महेंद्रच्या हाती एकच शब्द लागतो, डोंगरी. हे गाव आहे, मोहल्ला आहे की आणखी काही, हे त्याला ठाऊक नाही आणि तो ज्यांना विचारतो त्यांनाही ठाऊक नाही. मुंबईकर प्रेक्षकाच्या काळजात येथे चर्र होते, कारण डोंगरी आणि तिथले मुलांचे बालगृह त्याच्या नित्य ऐकण्यातले आहे. एका शहरात जे नाव रोजच्या बोलण्यातले, तेच दुसऱ्या शहरातल्या बापाला सापडू नये, एवढे अंतर माणसामाणसांत आहे. दिग्दर्शकाला ही कथा दिल्लीतील एका रिक्षाचालकामुळे सुचली. हरवलेल्या मुलाचा बाप असलेला तो माणूस भेटेल त्याला डोंगरीचा पत्ता विचारीत होता. राजेश तैलंग यांनी महेंद्र साकारताना आक्रोशाला जवळ जवळ जागाच ठेवलेली नाही. हा बाप रडत नाही, कारण त्याला उद्याची मजुरी बुडवून चालणार नाही. चित्रपट मुलगा सापडवून देत नाही आणि बापाला निर्दोषही ठरवीत नाही. तयार गोष्ट त्याने मोडली आहे आणि तिच्या जागी दुसरी ठेवण्याचे नाकारले आहे. हे त्याचे मोठे यश आम्ही मानतो.

दीपा अनप्पारा यांच्या ‘जिन पट्रोल ऑन द पर्पल लाइन’ या २०२० सालच्या इंग्रजी कादंबरीत गोष्टींचा हा बाजार अधिकच भरात आहे. एका महानगरातील झोपडवस्तीतून मुले नाहीशी होऊ लागतात आणि नऊ वर्षांचा जय, दूरदर्शनवरच्या पोलीसकथांवर पोसलेला, आपल्या दोन सवंगड्यांसह तपासाला निघतो. त्याच्या लेखी हे काम जिनाचे आहे. आंचल नावाची मुलगी नाहीशी होते, तेव्हा वस्ती तिच्या चारित्र्याची गोष्ट सांगते. काही जण मुसलमानांची गोष्ट सांगतात, जयच्या मित्राच्या भावाला अटक होते. आणि मग मुसलमान मुलेही बेपत्ता होतात. बहादूरची आई तर गळ्यातली सोन्याची साखळी पोलिसाला देऊन बसते, तरी शोध लागत नाही. उलट फार आवाज केलात तर वस्तीवर बुलडोझर येईल, हा धाक असतोच. जयच्या आईने दाराशी मोलाच्या चीजवस्तूंचे गाठोडे बांधून ठेवले आहे. घर कधीही जाऊ शकते, याची या बाईने तयारी केली आहे. मूल जाईल याची तयारी कोणती आई करील?

कादंबरीची खरी थोरवी तिच्या रचनेत आहे. प्रत्येक बेपत्ता मुलाला लेखिकेने स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि त्यात त्याच्या शेवटच्या दिवसाचे बारकावे, त्याचे हट्ट, त्याची भीती, त्याचे मनसुबे येतात. गुन्हेगाराला तिने अशी जागा दिलेली नाही. तथापि एक उणीव नमूद केली पाहिजे. निवेदक नऊ वर्षांचा असल्यामुळे त्याचा खट्याळपणा वाचकाला पुष्कळ काळ सुखात ठेवतो, आणि आईचे मन आपल्याला दाराच्या फटीतूनच दिसते. जयची धावपटू बहीण रुनू नाहीशी होते आणि परत येत नाही, तेव्हा ते सुख लेखिका हिरावून घेते. परंतु तोवर कादंबरी संपत आलेली असते.

सर्वांत अधिक प्रेक्षक लाभले ते ‘लायन’ या चित्रपटाला (२०१६). त्याची हकिकत खरी आहे. १९८६ साली खांडव्याचा पाच वर्षांचा सरू बऱ्हाणपूरच्या स्थानकावर भावापासून दुरावला आणि आगगाडीने कोलकात्याला जाऊन पोहोचला. पुढे ऑस्ट्रेलियातील एका दांपत्याने त्याला दत्तक घेतले, आणि २०१२ साली, संगणकावर उपग्रहाच्या छायाचित्रांतून रुळांचा माग काढीत, तो आपल्या गल्लीत परतला. मुंबईचा बालकलाकार सनी पवार याने पूर्वार्ध अक्षरशः आपल्या डोळ्यांवर पेलला आहे. उत्तरार्धात मात्र ही एका कर्तबगार मुलाच्या शोधाची कहाणी होते, आणि आमचा आक्षेप येथे आहे. त्या आईने पंचवीस वर्षे तो परिसर सोडला नाही, या आशेने की पोर परत आले तर त्याला आपण जवळपासच सापडावे. चित्रपटात हे आपल्याला शेवटी, जाता जाता कळते. प्रियंका बोस यांच्या वाट्याला आलेली मिनिटे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अखेरीस पडद्यावर अक्षरे उमटतात, की भारतात दरवर्षी ८०,००० हून अधिक मुले बेपत्ता होतात. सापडलेल्या एकाला पूर्ण चित्रपट आणि उरलेल्यांना एक ओळ! जपमाळेतले आनंदाचे रहस्य येथे आहे; तिसरे दुःख गाळले आहे. एका जागी राहणे, बिऱ्हाड न हलविणे, रात्री दाराला कडी न लावणे, हीदेखील शोधाचीच कृती आहे. ती कॅमेऱ्याला दिसत नाही म्हणून तिचे मोल कमी होत नाही.

हा आक्षेप केवळ चित्रपटापुरता नाही. १९९६ साली कोल्हापुरात उघडकीस आलेले बालहत्याकांड महाराष्ट्र विसरलेला नाही. गावित मायलेकींची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोघी बहिणींची फाशी कायम केली आणि २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली, हेही अनेकांना ठाऊक असेल. पण उचलून नेलेल्या त्या मुलांपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल काय? त्यांतील बरीचशी बसस्थानकांवर, देवळांच्या आवारांत, गर्दीत, फाटक्या माणसांच्या हातून सुटलेली होती. त्यांची नावे विसरून आपण मारणाऱ्यांची नावे जपली, कारण गोष्ट त्यांच्या नावाने चांगली सांगता येत होती.

मराठी लेखकांपुढे येथे एक काम उरलेले आहे असे आम्ही मानतो. आपल्याकडे मातृप्रेमाचे वाङ्मय विपुल आहे. परंतु ज्या आईला मूल जिवंत आहे की नाही हेच कळत नाही, जिला सुतकही धरता येत नाही आणि सणही करता येत नाही, तिच्या दिवसाचा हिशेब गद्यात मांडणे ही निराळीच कसोटी आहे. तेथे भावविवशता चालणार नाही आणि रहस्यकथाही चालणार नाही.

लेखकांचे काम लेखक करोत. वाचकांचे काम मात्र याहून निकडीचे आहे. एखाद्या संध्याकाळी आपल्या वाडीतले, आपल्या चाळीतले एखादे मूल दिवेलागणीला घरी आले नाही, तर आपल्या तोंडून निघणारे पहिले वाक्य कोणते असेल, याचा विचार आपण आजच करून ठेवावा. ते वाक्य ‘असेल इथेच कुठेतरी’ असे असेल, तर जत्था एक दिवसाची वाट पुढे निघून जाईल. ते ‘शेवटी त्याला कोणी पाहिले?’ असे असेल, तर निदान एक माणूस तरी उठून वाटेला लागेल.