भोंगा कापलेलं गाणं

कल्याण पूर्वेला, कोळसेवाडीतल्या एका खोलीत ओळखीचा एक मुलगा गाणी रेकॉर्ड करतो. कपाटाची दोन्ही दारं उघडून त्यांवर गोधड्या टांगलेल्या, मधे माइक, पंखा बंद. घामाने निथळत तो सोळा ओळी एका दमात म्हणत असतो आणि नेमकी तेव्हाच लांब पल्ल्याची गाडी भोंगा देत जाते. "काका, दोन मिनिटं." गाडी गेली की पुन्हा पहिल्यापासून. परवा त्याने नवं गाणं ऐकवलं. ठेका इंटरनेटवरून घेतलेला, पण जोरकस. शब्दांत काळी गाडी, गळ्यात चेन, पाठीमागे जळणारी दुनिया आणि भावाचा नाद करायचा नाय असा दम. हा मुलगा दिवसभर स्कूटरवरून पार्सलं पोचवतो. त्याच्या गाण्यात एकही जिना नव्हता.

हिप हॉपमध्ये आता काही राम राहिला नाही, ही ओरड तशी जुनी आहे. अमेरिकेत रॅपर नाझने २००६ साली आपल्या अल्बमच्या नावातच हिप हॉप मेल्याचं जाहीर केलं होतं. आणि अस्सलपणाचंच म्हणाल, तर या कलेची सुरुवातच उसनवारीची. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्राँक्समधल्या पार्टीत कूल हर्कने दुसऱ्यांच्याच तबकड्यांमधला तालाचा तुकडा लांबवून लोकांना नाचवलं. १९७९ मध्ये गाजलेल्या 'रॅपर्स डिलाइट'ला चाल शीक या बँडच्या 'गुड टाइम्स'ची, आणि त्यातल्या कितीतरी ओळी ग्रँडमास्टर कॅझच्या वहीतल्या. तेव्हा उचललेला ठेका हा काही गुन्हा नाही. ठेका परका चालतो. वस्ती परकी असली की गाणं पोकळ वाजतं.

मुंबईत आपली वस्ती ऐकू आली होती. २०१४ मध्ये कुर्ल्याच्या नेझीने 'आफत' आयपॅडवर रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच त्याचं चित्रीकरण केलं. पुढच्या वर्षी डिव्हाइनबरोबर 'मेरे गली में' आलं. धारावीतल्या पोरांनी तर एकाच गाण्यात तीन-चार भाषा घातल्या. मग १४ फेब्रुवारी २०१९ ला 'गली बॉय' लागला आणि गल्लीला भाव आला. भाव आला की नमुना ठरतो. झोपडपट्टी, आई, संघर्ष, एक दिवस मी मोठा होणार: अर्ज भरावा तशी गाणी येऊ लागली. चार वर्षांत गल्लीची जागा गाडीने घेतली. नेझीसुद्धा २०२४ मध्ये 'बिग बॉस'च्या ओटीटी घरात दिसला.

पण २०२३ हे एकच साल घ्या. १२ फेब्रुवारीला पुण्याचा एमसी स्टॅन 'बिग बॉस' जिंकला. एप्रिलमध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर पन्नास खोक्यांच्या राजकीय गाण्यापायी गुन्हा दाखल झाला, तोही इथे कल्याणच्या पलीकडे, अंबरनाथमध्ये. आशय संपला म्हणणाऱ्यांनी निदान पोलीस ठाण्यात तरी विचारून यावं. तिथे गाणी फार बारकाईने ऐकतात! स्वदेशी या मुंबईच्या चमूने त्याआधी, २०१९ मध्ये, आरेच्या प्रकाश भोईरांना सोबत घेऊन 'वारली रिव्होल्ट' केलं. त्यात जंगल हा विषय नव्हता, जंगलात राहणारा माणूस स्वतः गात होता.

मराठीत रॅपचा विषय निघाला की कोणीतरी उठून सांगतोच, "अहो, हा तर आपला पोवाडा!" मला हे पटत नाही. पोवाडा मुख्यतः पराक्रमाचा. आणि शिवजयंतीच्या तोंडावर निघणारी रॅप गाणी ऐकली तर तो वारसा जरा जास्तच सांभाळला जातोय. महाराजांचा पराक्रम महाराजांचा, गाणाऱ्याने त्यात स्वतःचं काय घातलं? रॅपचं खरं सोयरं दुसरीकडे आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात, आंबेडकरी जलशात, कव्वालीच्या मुकाबल्यात. तिथे समोर प्रतिस्पर्धी बसलेला असे, फडात जाणकार असत आणि ओळ पडली की लोक तोंडावर हसत. गाणाऱ्या शिंदे घराण्याशी कल्याणचं जुनं नातं. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज भीमगीतांत, कव्वालीत, विठ्ठलाच्या गाण्यांत घडला तो असल्या रात्रभराच्या मैफलींत. आजचा मुलगा कपाटाला गाऊन दाखवतो आणि आकड्यांकडून दाद घेतो. आकडा कधी म्हणत नाही, की ही ओळ मागच्या गाण्यातलीच आहे.

यात भाषेचाही एक सापळा आहे, त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं. करतो, मरतो, हरतो, फिरतो: अख्खं गाणं एका श्वासात जुळतं आणि दुसऱ्या श्वासात विसरलं जातं. चांगला लिहिणारा क्रियापद आधी उरकून टाकतो आणि ओळ नामावर, नाहीतर एखाद्या ठिकाणावर आणून आपटतो. किंवा बोली बदलतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, म्हणजे १०० आरबीएच, वऱ्हाडीत म्हणतो तेव्हा तोच ठेका वेगळा चालतो, कारण शब्दांचे शेवटच वेगळे. आपल्याकडे तर आगरी आहे. 'ळ'चा 'ल', 'ड'चा 'र'. डोळ्याचा डोला, घोड्याचा घोरा. कानाला नवं यमक इथेच पडलेलं आहे, कल्याण-डोंबिवलीच्या गावठाणांत. पण आगरी गाणं अजून हळदीच्या मांडवात बँजोवरच अडकलेलं. त्यात जोश भरपूर आहे, पण सोन्याचे तोडे आणि गावकीचा रुबाब यापलीकडे ते क्वचितच जातं. खाडीत भराव पडला, शेतावर टॉवर उभे राहिले, त्याबद्दल बोलायला लग्नात गाणारी धवलारीण जितकी मोकळी असेल तितकाही आगरीतला रॅपर नाही.

१९७२ मध्ये, कूल हर्कच्या पार्टीच्या एक वर्ष आधी, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला. त्याला प्रस्तावना लिहिताना तेंडुलकरांना कितीतरी शब्दांचे अर्थ ढसाळांनाच विचारावे लागले होते. आजच्या मराठी रॅपमधला कुठलाही शब्द मला कोणाला विचारावा लागत नाही. माझ्या वयाच्या माणसाला सगळं कळतंय, हेच मला या गाण्यांतलं सर्वात मोठं वैगुण्य वाटतं.

त्या दिवशी मी त्या मुलाला विचारलं, "एकदा भोंगा राहू दे ना गाण्यात. पत्रीपुलाकडून येतो तसा, लांबून जवळ."

तो हसला. "काका, मग घरी केल्यासारखं वाटतं."

त्याने स्क्रीनवरची लाट बोटांनी मोठी केली, भोंग्याचा फुगवटा शोधला आणि बरोबर तेवढाच कापला. पुन्हा माइकसमोर उभा राहिला. गोधडी नीट केली. बाहेर कसाऱ्याकडची गाडी सुटली होती, म्हणून आम्ही दोघं थांबलो.