भिंतीपलीकडील प्रेत आणि भिंतीवरील पत्नी

शेगाव हे तसबिरींचे गाव. श्री गजानन महाराजांच्या मंदिराच्या परिसरात चौकटबंद तसबिरी विकणारी दुकाने आहेत. आणि आमच्या वस्तीत भगवान बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमांशेजारी घरातील दिवंगतांचे छायाचित्रही भिंतीवर असतेच. अशाच एका घरी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर नातवाने विचारले, "आजी तिथून आपल्याला पाहते का?" कोणी वडीलधारे म्हणाले, "'हम पांच'मधल्यासारखी?" सारे हसले. प्रश्न मात्र तसाच राहिला, म्हणून त्या मालिकेचा येथे थोडा विचार करावा असे आम्हांस वाटले.

'हम पांच' ही हिंदी विनोदी मालिका १९९५ साली झी टीव्हीवर सुरू झाली. पाच मुलींचा बाप आनंद माथुर ही भूमिका अशोक सराफ यांची. दुसरी पत्नी बीना घरात वावरते. पहिली पत्नी वारली आहे; परंतु भिंतीवरील तसबिरीतून ती नवऱ्याशी बोलते, त्याला टोमणे मारते, सल्ला देते, आणि हे एकट्या त्यालाच दिसते व ऐकू येते. (१९८२ च्या 'एक डाव भुताचा' या मराठी चित्रपटात अशोक सराफ स्वतःच भूत होते आणि ते मास्तराला दिसत होते, येथे बाजू उलटली आहे.) तसबिरीतील पत्नी साकारली प्रिया तेंडुलकर यांनी. 'रजनी' या दूरदर्शन मालिकेतून अन्यायाला रस्त्यावर जाब विचारणारी स्त्री म्हणून सारा देश त्यांना ओळखत होता. त्याच स्त्रीला लाकडी चौकटीत बसवून केवळ जीभ मोकळी ठेवणे, ही कल्पना चतुर खरी, पण किंचित क्रूरही आहे. प्रियाताई २००२ साली निवर्तल्या. आज जुने भाग पाहताना ती चौकट वेगळीच दिसते.

अशा मालिकांनी अंधश्रद्धा वाढते, हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला आहे. प्रस्तुत मालिकेस तो लागू होत नाही, असे आमचे मत आहे. 'झपाटलेला' (१९९३) या लोकप्रिय चित्रपटातील तात्या विंचूला बाहुल्यात शिरण्यासाठी मंत्र लागतो. माथुरांच्या घरी मंत्र नाही, लिंबू नाही, अंगारा नाही, उतारा नाही. मुख्य म्हणजे भगत नाही. या भुताला दलालच नाही! माणसाची दुर्दशा भूत करीत नाही, भुताचा दलाल करतो. महाराष्ट्रात २०१३ साली जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच्या अनुसूचीत पहिलीच नोंद भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे या प्रकारांची आहे. त्या नोंदीमागे किती जणांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, किंकाळ्या असतील याचा विचार करावा. त्यापुढे तसबिरीशी हुज्जत घालणारा गृहस्थ निरुपद्रवीच म्हणावा लागेल.

आमची तक्रार निराळी आहे. पालि वाङ्मयातही प्रेत पाहून स्मित करणारा एक पुरुष आहे. लक्खणसंयुत्तात आयुष्मान महामोग्गलान गृध्रकूटावरून उतरताना स्मित करतात. सोबतचे लक्खण कारण विचारतात. "ही वेळ नव्हे, भगवंतांसमोर विचारा," असे उत्तर मिळते. पुढे भगवंतांसमोर ते सांगतात की, आकाशातून जाणारा एक हाडांचा सापळा आपण पाहिला, गिधाडे व कावळे त्याला टोचीत होते. भगवंत म्हणतात, हा आपण पूर्वीच पाहिला होता, पण सांगितले असते तर लोकांनी विश्वास ठेवला नसता. मग त्या जीवाचे पूर्वकर्म सांगितले जाते, तो राजगृहातील गाई कापणारा खाटीक होता. पेतवत्थूच्या ५१ कथांचाही रोख असाच आहे: प्रेताने काय केले, आणि जिवंतांनी आता काय करावे. पाहणे हे केवळ निमित्त.

मालिकेतील पत्नीला मात्र कर्मही नाही आणि येणेही नाही. थोरल्या तीन मुली तिच्या पोटच्या. त्यांना ती का दिसू नये, हा प्रश्न लेखकांना पडत नाही. नवऱ्याची फजिती झाली, हशा आला, प्रसंग संपला. विनोद चांगला आहे, पण त्याची उडी एवढीच.

१४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांनी आपण श्राद्ध व पिंडदान सोडले. म्हणून मृतांविषयीचा प्रश्नच सुटला असे काहींना वाटते. तो सुटला नाही, त्याचे स्थान बदलले. तिरोकुड्डसुत्तातील प्रेते भिंतीपलीकडे, दाराशी, चव्हाट्यावर उभी असतात, कारण घरात अन्नपाणी विपुल असूनही त्यांची आठवण कोणाला होत नाही. आठवण ठेवणाऱ्याने करावयाचे ते दान, आणि तेही जिवंतांना.

त्या नातवाला आम्ही ही गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "मग आजी आत की बाहेर?" आम्ही उत्तर शोधीत होतो, तोवर त्याच्या आईने आजीच्या नावे शाळेत वाटावयाच्या वह्यांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला आणि मोजावयास सांगितले.