वार्ता, मैत्री आणि मौन

पत्रकारांचे आश्रयदाते संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या सणदिनी, २४ जानेवारी २००९ या तारखेने, पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी त्या वर्षीच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाचा संदेश दिला. नवे तंत्रज्ञान, त्यातून जुळणारी नवी नाती आणि त्या नात्यांत आदर, संवाद व मैत्री यांची जोपासना, हा त्याचा विषय. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. संदेश साऱ्या जगासाठी होता, त्या हल्ल्यासाठी नव्हे. तरीही महाराष्ट्रातील ख्रिस्ती वाचकाने तो त्या घटनेशेजारी ठेवून वाचला, तर त्याचे सामर्थ्य आणि त्याची उणीव ही दोन्ही ठळकपणे नजरेत भरतात.

सामर्थ्य असे की, पोप महाशयांनी संगणक आणि भ्रमणध्वनी यांना शाप दिला नाही. दुसऱ्याशी जोडले जाण्याची ओढ परमेश्वरानेच मानवात ठेवली आहे आणि नवी साधने त्या ओढीलाच प्रतिसाद देतात, असे ते मानतात. मात्र ‘मित्र’ हा शब्द स्वस्त होऊ नये, पडद्यावरील मैत्रीपायी कुटुंब, शेजारी आणि सहकारी दुरावू नयेत, असा इशाराही ते देतात. आजच्या घराघरांतील चित्र पाहता हा इशारा किती दूरदृष्टीचा होता, हे निराळे सांगायला नको.

आता मुंबईकडे पाहू. दहा हल्लेखोर, तीन दिवसांचा थरार आणि १६६ जणांचा मृत्यू. त्या दिवसांत दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांनी क्षणाक्षणाची दृश्ये थेट दाखविली. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडोही देशाने घरबसल्या पाहिले. सीमेपलीकडून हल्लेखोरांना सूचना देणारेही तीच दृश्ये पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालपत्रात या प्रक्षेपणावर कठोर ताशेरे ओढले. पुढे २०१५ साली केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत बदल होऊन दहशतवादविरोधी कारवाईच्या थेट प्रक्षेपणास मनाई झाली.

याच्या उलट, ट्विटरसारख्या तेव्हा नवख्या असलेल्या माध्यमावर परस्परांना कधीही न भेटलेली माणसे रक्तदात्यांना जे. जे. रुग्णालयात जाण्याचे आवाहन करीत होती. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात शेजारी कोण, याचे उत्तर प्रभूने ओळखीवरून दिले नाही, कृतीवरून दिले. त्या कसोटीवर हे अनोळखी मित्र खरे शेजारी ठरतात आणि पोप महाशयांच्या विश्वासाला पुष्टी मिळते.

उणीव आहे ती यापुढे. संदेशातील संवादाला सवड आहे. तेथील माणसे सत्याचा शोध घेत एकमेकांशी बोलतात. पण भयाच्या घटकेला माणूस शोध घेत नाही. हाती आले ते पुढे ढकलतो. शिवाय तो शत्रूकडून आलेले ढकलत नाही, मित्राकडून आलेले ढकलतो. मैत्रीतील विश्वासच अफवेचे वाहन होतो, ही गोष्ट २००९ च्या संदेशात नाही. शांततेचा उल्लेख तेथे आहे, परंतु तो व्यक्तीच्या निकोप वाढीसाठी. दुसऱ्याच्या दुःखापुढे आणि आपल्या अज्ञानापुढे पाळावयाचे मौन तेथे येत नाही.

पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०१८ च्या संदेशात खोट्या बातम्यांचाच विषय घेऊन ही उणीव बरीचशी भरून काढली. परंतु त्याच वर्षी १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांनी संशयाचे हे रान आधीच पेटविले होते. त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल असे बंधन घातले. यंत्राने हात आवरला. मन आवरण्याचे काम यंत्राचे नव्हे.

ते कोठे शिकावे? सिंदी मेघे येथील वाचकाला त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. आपले हे गाव वर्ध्याला लागून असलेले. रेल्वेमार्गावरचे सिंदी निराळे. येथून जवळच सेवाग्राम आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे म्हणून आश्रमात बसविलेला दूरध्वनी तेथे आजही दाखवितात. त्याच गांधीजींचा सोमवार मौनाचा असे. यंत्र होते आणि मौनही होते. एकाने दुसऱ्याला हद्दपार केले नव्हते. गांधीजी फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला परतणार होते. त्याआधीच, ३० जानेवारीला, त्यांची हत्या झाली. वार्ता त्याच संध्याकाळी नभोवाणीवरून देशभर गेली. परंतु आता पुढे काय, या प्रश्नासाठी विनोबा, नेहरू, राजेंद्रप्रसाद, मौलाना आझाद आदी मंडळी मार्चमध्ये सेवाग्रामला प्रत्यक्ष जमली, एकमेकांचे ऐकून घेतले आणि सर्वोदय समाजाची कल्पना तेथे साकारली. बातमी काही तासांत पोहोचली होती. तिचा अर्थ लावायला मात्र सहा आठवडे लागले आणि तेवढे ते दिले गेले.

बेनेडिक्ट यांच्या संदेशाला मी जोड देऊ इच्छितो ती या अवधीची. राष्ट्रावर घाला पडतो तेव्हा ख्रिस्ती माणसाने माध्यमांकडे पाठ फिरवावी असे नाही. रक्त हवे असेल तर तो निरोप अवश्य पाठवावा, परंतु रुग्णालयाला विचारून. एखाद्या जमातीवर वा धर्मावर बोट ठेवणारा मजकूर कितीही जिवलग मित्राकडून आला, तरी तो आपल्याजवळच थांबवावा. मृतांची छायाचित्रे पुढे धाडू नयेत. त्यांच्यासाठी घरात जपमाळ म्हणावी, मिस्सामध्ये प्रार्थना करावी आणि आपल्या आळीत कोणाचे आप्त त्या शहरी आहेत, याची दारी जाऊन विचारपूस करावी. तरुण मुलांना हे उपदेशाने पटणार नाही. वडीलधाऱ्यांचा अंगठा पडद्यावर थांबलेला त्यांना दिसला पाहिजे.

संदेश वाचनीय आहे आणि आजही वाचावा. फक्त मैत्रीची जी व्याख्या त्यात आहे, तिला आपण आणखी एक कलम जोडावे: खरा मित्र संकटात धावून येतो, तसाच तो संकटात जीभही आवरतो.