वेदनामापनाची साधने : एक चिकित्सा

ताप आणि रक्तदाब यंत्राने मोजता येतात. वेदना मोजणारे असे यंत्र नाही. ती मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावरून कळते. म्हणून वेदनामापनाची साधने ही मुळात संवादाची साधने होत. प्रस्तुत टिपणात याच कसोटीवर त्यांचा विचार केला आहे.

सर्वाधिक प्रचलित साधन म्हणजे ० ते १० ची अंकश्रेणी. शून्य म्हणजे वेदना नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल अशी सर्वांत तीव्र वेदना. ही श्रेणी वापरायला क्षणभर पुरतो, आणि औषधाआधीचा व नंतरचा अंक ताडून पाहता येतो. परंतु तिला फक्त तीव्रता कळते. गुडघ्याचा ठणका आणि मधुमेही रुग्णाच्या तळपायांची आग, दोन्हींची नोंद '७' अशीच होईल. ठणक्यावर नेहमीची वेदनाशामके सहसा उपयोगी पडतात. तळपायांची आग मात्र चेतातंतूंच्या बिघाडातून येते. तिथे गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलीन यांसारख्या औषधांचा विचार करावा लागतो. केवळ अंक पाहणाऱ्याला हा फरक दिसत नाही.

रोनाल्ड मेल्झॅक यांच्या १९७५ च्या मॅकगिल प्रश्नावलीने नेमकी ही उणीव हेरली. तिच्यात वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत. मात्र ते शब्द इंग्रजी बोलण्यातले आहेत. मराठी रुग्ण कळ, चमक, ठसठस, चुरचुर, मुंग्या असे बोलतो. कळ येते आणि जाते, ठसठस नाडीच्या ठोक्यासारखी चालते. शब्दकोश समोर ठेवून केलेल्या भाषांतरात हे बारकावे हरवतात. हीच अडचण प्रत्येक भारतीय भाषेत येते.

बोलू न शकणाऱ्या लहान मुलांसाठी 'फ्लॅक' श्रेणी आहे. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. इथे निरीक्षकाची नजर हीच साधनाची मर्यादा ठरते.

शेवटचा आक्षेप साधनावर नसून व्यवस्थेवर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सुचवली. तिची वरची पायरी मॉर्फिनसारख्या औषधांची आहे. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणे रुग्णालयांना जिकिरीचे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची प्रक्रिया सोपी केली. तरीही औषधच उपलब्ध नसेल, तर '९' ही नोंद कागदावरच राहते.

सारांश, अंकश्रेणी टाकाऊ नाही, पण अपुरी आहे. विद्यार्थ्यांनी 'किती दुखते?' या प्रश्नाला 'कसे दुखते?' याची जोड द्यावी आणि रुग्णाचा शब्द जसाच्या तसा नोंदवावा. त्यानंतर उपचार झाला की नाही, हेही त्याच कागदावर लिहावे.